वाटसरूचं देणं

एक तरुण होता. परदेश पाहायचा म्हणून त्याने पै-पै साठवली होती. निघताना काकांनी त्याला बजावलं, "परक्या मुलखात फुकट काही मिळत नाही. कोणी गोड बोललं, की आधी खिसा सांभाळ." ते शब्द मनात पक्के धरून तरुण इस्तंबूलला पोचला.

शहर अफाट होतं. युरोप आणि आशिया अशा दोन खंडांवर पसरलेलं, मधून समुद्र वाहणारं. तरुणाने पायीच हिंडायचं ठरवलं. सकाळी तो हागिया सोफिया या जुन्या वास्तूला वळसा घालून तोपकापी राजवाड्याच्या दारापाशी आला. तिथे एक देखणी चौकोनी वास्तू उभी होती. रुंद छप्पर, भिंतींवर कोरलेली फुलं, सोनेरी अक्षरं, कोपऱ्यांना जाळीच्या गोलाकार खिडक्या. आत जायचं दार कुठे आणि तिकीट किती, हे तो शोधू लागला.

"तिकीट नाही, बाळा," बाजूला उभे असलेले एक आजोबा तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले. "ही वाटसरूंसाठी बांधलेली पाणपोई. सुलतान तिसऱ्या अहमदने 1728 मध्ये बांधली. चारही बाजूंना नळ. कोपऱ्यातल्या जाळीतून आतली माणसं येणाऱ्याजाणाऱ्याला पाण्याचे, सरबताचे पेले द्यायची. पैसे घ्यायची नाहीत."

आजोबांचं घर समुद्रापलीकडे उस्कुदारला होतं. ते रमतगमत बोटीकडे निघाले होते. "चल माझ्याबरोबर," ते म्हणाले, "वाटेत शहर दाखवतो." तरुणाला काका आठवले. शेवटी हे पैसे मागणार, असं त्याला वाटलं. पण गल्ल्या अनोळखी होत्या. एक हात खिशावर ठेवून तो निघाला.

छप्पर घातलेल्या जुन्या बाजारातून वाट काढत, चढाच्या दगडी गल्ल्या चढून दोघे सुलेमानिये मशिदीपाशी आले. टेकडीखाली गोल्डन हॉर्नची खाडी चमकत होती. तरुण भल्यामोठ्या घुमटाकडे पाहत राहिला. आजोबांनी त्याला भोवतालच्या बैठ्या इमारती दाखवल्या.

"मिमार सिनान या वास्तुकाराने 1557 मध्ये हे काम पुरं केलं," ते म्हणाले. "मशिदीबरोबर शाळा बांधल्या, दवाखाना बांधला, मोठा मुदपाकखानाही बांधला. गरिबाला, विद्यार्थ्याला, वाटसरूला तिथे जेवण मिळायचं."

दोघे कट्ट्यावर टेकले. आजोबांनी पिशवीतून तीळ लावलेलं सिमित काढलं, त्या गोल पावाचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा तरुणाला दिला. तरुणाने तो खाल्ला आणि मनातल्या हिशेबात त्याची किंमत धरली.

मग ते उतारावरून धक्क्यावर आले. गलाता पुलाच्या कठड्याला माणसं गळ टाकून उभी होती. दोघे बोटीत बसले आणि युरोपातून आशियात उतरले. उस्कुदारला तीनशे वर्षांपूर्वीची येनी वालिदे मशीद होती. तिच्या भिंतीत उंचावर दगडाचे इवलेसे महाल कोरलेले होते.

"हे कोणासाठी?" तरुणाने विचारलं.

"चिमण्यांसाठी."

"एवढं कोरीवकाम चिमण्यांसाठी?"

"त्यांनाही पाऊस लागतो ना," आजोबा म्हणाले.

संध्याकाळ झाली. घराजवळच्या बेकरीत आजोबांनी दोन पावांचे पैसे दिले आणि एकच पाव घेतला. दुसरा दुकानदाराने पिशवीत घालून भिंतीवरच्या आकड्याला अडकवला. तरुणाला काही उमगेना. थोड्या वेळाने एक बाई लहान मुलाला घेऊन आली. तिने हलक्या आवाजात काही विचारलं. दुकानदाराने आकड्यावरची पिशवी काढून तिच्या हातात दिली. कोणी दिला, हे तिने विचारलं नाही. का हवा, हे त्याने विचारलं नाही.

तरुणाने खिशावरचा हात खिशात घातला आणि पैसे काढले.

"आजोबा, दिवसभर तुम्ही माझ्यासाठी चाललात. तुम्हाला किती देऊ?"

आजोबांनी मान हलवली. "मीही तरुणपणी परक्या गावांत पायी हिंडलो. ज्यांनी वाट दाखवली, चहा पाजला, ती माणसं मला पुन्हा भेटली नाहीत. त्यांचं देणं मी आज तुला दिलं. तू मला नको देऊस." त्यांनी रिकाम्या आकड्याकडे बोट केलं. "तिथे दे."

तरुण बेकरीत गेला. त्याने दोन पावांचे पैसे दिले आणि एक पाव घेऊन बाहेर आला.

परक्या शहरात पायी हिंडणारा माणूस जागोजागी दुसऱ्याच्या सोयीवर जगतो. कोणी विहीर खणलेली असते, कोणी सावलीला झाड लावलेलं असतं, कोणी उभं राहून वाट सांगतं. त्या माणसांना गाठून परतफेड करता येत नाही. बरेचजण तर आपल्या जन्माआधीच गेलेले असतात. म्हणून ते देणं मागे नव्हे, पुढे फेडायचं असतं, आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाला. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोया लागतात, त्या याच रीतीने. तिथलं पाणी पिऊन पुढे जाणाऱ्याने एखाद्या दिवशी थांबून तो माठ भरायलाही हात लावावा.