‘का सोडलास?’ म्हणण्याआधी

फजरची नमाज झाली की जानमाज लगेच गुंडाळू नका. थोडं बसा. तसबीह हातात असेल तर असू दे, पण आज मोजू नका. घरातले आवाज ऐका. स्वयंपाकघरात सहरीची भांडी तशीच पडली आहेत, पलीकडे दादी पुटपुटत तिलावत करतेय. आतल्या खोलीत लाइट चालू आहे. मुलगी भूमितीचं पुस्तक उघडून बसली आहे, किंवा त्याच पुस्तकावर डोकं टेकून झोपली आहे.

तुमच्या ओठांवर एक वाक्य आलं असेल. ‘उजळणी झाली का?’ किंवा ‘अशानं कसं व्हायचं?’ ते अजून बोलू नका. नुसतं बघा, ते येतंय कुठून. काळजीपोटी, असं आपण पटकन म्हणतो. जरा आणखी खाली उतरा. तिथं बकरी ईदला गोश्तचा हिस्सा द्यायला येऊन दारातच टक्के विचारणारे नातेवाईक असतील. तुमची स्वतःची आठवीत सुटलेली शाळा असेल. घरभाडं असेल, आणि ‘ही शिकली नाही तर पुढं काय’ ही रात्री डोळा लागू न देणारी धास्ती असेल. ती खोटी नाही. पण ती तुमची आहे. दहावीच्या पोरीनं ती वाहायची नाही. श्वास सावकाश आत घ्या, त्याहून सावकाश सोडा. धास्ती ओळखली म्हणून ती पळून जाते असं नाही. मुलीच्या अंगावर टाकायची घाई मात्र कमी होते.

आता हजरत अनस यांना आठवा. मदिनेत ते पैगंबरसाहेबांच्या (स.) खिदमतीला आले तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते, आणि पुढची जवळपास दहा वर्षं ते सोबत राहिले. मोठेपणी त्यांनी सांगितलेली आठवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. इतक्या वर्षांत पैगंबरसाहेबांनी त्यांना कधी ‘उफ्’सुद्धा म्हटलं नाही. केलेल्या कामाला ‘का केलंस’ नाही, राहिलेल्या कामाला ‘का नाही केलंस’ नाही.

इथं रेंगाळा. दहा वर्षांचा पोरगा. कधी सांगितलेलं विसरला असेल, कधी वाटेत खेळत बसला असेल. आपण ही हदीस बयानात ऐकतो, ‘सुभानल्लाह’ म्हणतो, आणि पेपर सुटल्यावर केंद्राच्या फाटकातच मुलीच्या हातातली प्रश्नपत्रिका ओढून घेतो.

ती प्रश्नपत्रिका डोळ्यांपुढे आणा. घामानं मऊ पडलेली, चार घड्यांची. मुलगी एका प्रश्नावर बोट ठेवते: हा चार मार्कांचा राहिला. ती तुमच्याकडे बघत नाही, त्या आकड्याकडेच बघते. राहिला हे तिला तुमच्याआधी कळलंय. घंटा झाल्यापासून ते चार मार्क डोक्यात घेऊनच ती जिना उतरली आहे. आता तुमचा ‘का सोडलास?’ तिथं काय करणार? उत्तरपत्रिका गेली. उरलाय तो परवाचा पेपर. ‘चल घरी, हात-तोंड धू, जरा पड,’ एवढं बोलणं पुरतं. शाबासकीचीही गरज नाही. मुलांना उसनी शाबासकी बरोबर ओळखता येते.

२०२४, २०२५ आणि २०२६ अशी सलग तीन वर्षं दहावीचे पेपर रमजानमध्ये आले. मार्चच्या सुरुवातीला मुंबईकडे सहरी साडेपाचच्या पुढंमागं संपते. तरावीह आटोपून अकराला झोपलेल्या मुलीची झोप सलग होत नाही. तेव्हा तिच्या दुपारच्या झोपेला आळस म्हणू नका. कैलुला तर सुन्नत आहे. रोज्याचं काय करायचं हा वाद पेपरच्या पहाटे सहरीच्या ताटावर काढू नका. मोहल्ल्यातल्या आलिमांना आधीच विचारा, मुलीलाही बोलू द्या. आणि एकदा ठरलं की चुलतभावाचे रोजे तिला मोजून दाखवू नका.

परत जानमाजवर या. दुआसाठी हात उचला, पण आवाज खाली ठेवा. ‘या अल्लाह, हिला नव्वदच्या वर मिळू दे’ ही दुआ भिंतीपलीकडे ऐकू गेली की मुलीच्या लेखी ती दुआ राहत नाही, आणखी एक अपेक्षा होते. तिच्यासाठी आसानी मागा. स्वतःसाठी सब्र मागा. तो तुम्हालाच जास्त लागणार आहे.

‘नमाज पढतेस, मग घाबरतेस कशाला?’ असं मोठी माणसं सहज बोलून जातात. मला हे बोलणं मुळातच चुकीचं वाटतं. हजरत मूसांना फिरऔनकडे जायचं होतं तेव्हा त्यांनाही भीती वाटली, आणि ती त्यांनी अल्लाहसमोर लपवली नाही. सूरह ताहामध्ये ते छातीला विशालपणा मागतात, काम सोपं होवो असं मागतात, जिभेची गाठ सुटू दे म्हणतात. आणि त्यासोबत भाऊ हारून मदतीला मागतात. नबी असून सोबत मागितली, आणि ती मिळालीही.

म्हणून मुलगी सलग काही दिवस नीट जेवत-झोपत नसेल, पेपरच्या नावानं हातपाय गार पडत असतील, ‘जगून काय करू’ असलं काही बोलत असेल, तर दम केलेलं पाणी द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. तिला एकटं ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. तो आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.