खाटेची उंची

रुग्णालयातील खाट किती उंच असावी, हा प्रश्न वरकरणी कारागिराचा आहे. मला मात्र तो नीतीचा वाटतो. उंच खाट डॉक्टर व परिचारिका यांच्या कमरेला सोयीची. पट्टी बांधताना वाकावे लागत नाही. ठेंगणी खाट रुग्णाच्या पावलांना सोयीची. रात्री उठताना जमीन चटकन लागते. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मग गैरसोय कोणी सोसावी?

शिवथरच्या खोऱ्यातून महाडला दाखल झालेल्या एखाद्या म्हातारीचा विचार करा. जन्मभर ती जमिनीवर अंथरूण घालून निजलेली असते. उंच लोखंडी खाटेवर तिला पडण्याचे भय वाटते. सून खाली चटईवर पडून असते. सोबत राहणाऱ्या माणसाची गणती खाट घडवणाऱ्याने केलेलीच नसते.

भयावर सोपा तोडगा म्हणजे कठडे. पण भान हरपलेला वृद्ध कठडा ओलांडू पाहतो आणि अधिकच उंचावरून कोसळतो. कधी फटीत त्याची मान अडकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ साली याविषयी इशारा दिला होता. राखणे आणि कोंडणे यांतील अंतर कधीकधी एका गजाएवढेच असते.

१९६० च्या दशकात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ब्रूस आर्चर यांनी किंग्ज फंड या संस्थेसाठी वर-खाली होणारी खाट सिद्ध केली. उपचाराच्या वेळी वर, निजताना खाली. पेच सुटला, असे वाटते. पण काम आटोपल्यावर ती आठवणीने खाली आणणारा माणूस लागतोच. ते काही यंत्र करीत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आधी लोकांना विचारले. म्हणूनच त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा दवाखाना झोपड्यांचा झाला. नातलगांनाही रुग्णाजवळ राहता आले. विचारण्याला खर्च तो किती!

आपल्यापैकी अनेकजण आप्तांच्या स्मरणार्थ दवाखान्याला खुर्च्या-बाके देतात. देताना खुर्चीला हात आहेत का, बैठक गुडघ्याच्या उंचीची आहे का, एवढे पाहावे. हात नसलेल्या खुर्चीतून उठायला गुडघेदुखीच्या माणसाला दुसऱ्याला हाक मारावी लागते. नाव कोठे रंगवायचे, ते मागाहून ठरवता येईल.