शिकवणाऱ्याला आजचा भाव लागत नाही

शेअर बाजार मराठीतून शिकवणाऱ्या व्हिडिओंचा सध्या सुकाळ आहे, आणि मला त्याचा आनंद वाटतो. ज्या घरांत बचत म्हणजे मुदत ठेव, पोस्ट आणि सोनं एवढंच ठाऊक होतं, तिथल्या मुलामुलींना ताळेबंद कसा वाचायचा हे कुणीतरी आपल्या भाषेत सांगतं आहे. पण यातले पुष्कळ धडे एका ठरलेल्या वळणावर येतात: मोफत वेबिनार, थोड्याच जागा शिल्लक, आज रात्री बारापर्यंतच सवलत, आणि खाली डिमॅट खातं उघडायची लिंक.

विक्रीला माझी हरकत नाही. शिकवणाऱ्यालाही घर चालवायचं असतं. मी एवढंच बघतो की, धडा संपल्यावर ऐकणाऱ्याला ‘मला हे नको’ असं समजून-उमजून म्हणता येतं का.

म्युच्युअल फंडाचं उदाहरण घेऊ. जानेवारी 2013पासून गुंतवणूकदाराला ‘डायरेक्ट’ योजनेचा पर्याय मिळतो. तिच्यात वितरकाचं कमिशन नसतं, म्हणून खर्च कमी. महिना 10,000 रुपयांची एसआयपी 20 वर्षं चालली आणि वर्षाला 12 टक्के वाढ धरली, तर सुमारे 1 कोटी रुपये जमतात. कमिशनपोटी एक टक्का जाऊन 11 टक्के धरली तर सुमारे 87 लाख. एका टक्क्याचा फरक साडेबारा लाखांच्या घरात जातो. हे गणित गिऱ्हाइकासमोर स्वतःहून मांडणारा वितरक आपलं कमिशन पणाला लावतो. काही जण ते ऐकून थेट गुंतवणूक करतील. काही त्याच्याकडेच राहतील, कारण बाजार कोसळल्यावर धीर द्यायला आणि घरातला माणूस गेल्यावर कागदपत्रं निस्तरायला त्यांना कुणीतरी हवं असतं. आपण कशाचे पैसे मोजतो आहोत हे या दुसऱ्यांना ठाऊक असतं. असं गिऱ्हाईक सहसा तुटत नाही.

विक्रीच्या पलीकडे जाऊन लोकांना शहाणं करण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती; म्हणजे नांगर विकायचा तर आधी समजूत बदलणं भाग होतं. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याचं पत्र म्हणून. पुढे तिच्यात उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय आले. 1930मध्ये ‘स्त्री’ आणि 1934मध्ये ‘मनोहर’ निघालं. नांगराशी काडीचाही संबंध नसलेल्या मध्यमवर्गीय घरांत ही मासिकं वाचली जात. किर्लोस्कर या नावाला महाराष्ट्रात जो मान मिळाला, त्यात या मासिकांचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

बाजाराच्या बाबतीत मात्र चुकीच्या धड्याची किंमत फार मोठी आहे. सप्टेंबर 2024मध्ये सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स या जोखमीच्या सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक. ऑप्शन्सच्या पहिल्या धड्यात, पहिल्या पाच मिनिटांत हा आकडा यायलाच हवा. तो गाळून स्वतःच्या नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवणारा माणूस कितीही गोड बोलो, तो शिक्षक नव्हे.

जानेवारी 2025मध्ये सेबीने शिकवणाऱ्यांसाठी एक रेघ ओढली: केवळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्याही शेअरबद्दल बोलू नये. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. कर्जाचा बोजा कसा ओळखावा, नफा कागदावरचा की हातात पडलेला, हे शिकवायला पाच वर्षांपूर्वीचा ताळेबंदही पुरतो. आजचा भाव लागतो तो समोरच्याला आजच सौदा करायला लावायचा असेल तेव्हा.

झिरोधा या ब्रोकर कंपनीचं ‘व्हर्सिटी’ हे बाजार शिकवणारं संकेतस्थळ या बाबतीत मला बऱ्यापैकी समाधान देतं. ते वाचायला पैसे पडत नाहीत, की खातं उघडावं लागत नाही. दुसऱ्या ब्रोकरचं गिऱ्हाईकही तिथून शिकून आपल्या वाटेने जातं. तरी ब्रोकरची कमाई लोकांच्या सौद्यांवर असते, त्यामुळे हितसंबंध तिथेही आहे. म्हणून ऑप्शन्सचे तिथले धडेही 93 टक्क्यांचा तो आकडा शेजारी लिहून ठेवूनच वाचावेत.