गिरणगाव आणि मधुमेह

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर कायमची वाढलेली राहण्याचा विकार. भात, चपाती, बटाटा यांतल्या पिष्टाचे पोटात ग्लुकोज होते, ते रक्तात उतरते आणि स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन त्याला पेशींत शिरायला वाट करून देते. इन्सुलिन कमी पडले किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तातच साचते. उपाशीपोटी डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी ६.५ टक्के, ही निदानाची रेषा. बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या पहिल्या प्रकारात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, तोपर्यंत अशा मुलांना मरणाखेरीज दुसरी वाट नव्हती. मुंबईत परळ-लालबागपासून गिरगावापर्यंत घरोघरी ज्याला नुसते ‘शुगर’ म्हणतात, तो बहुतेक वेळा दुसरा प्रकार.

या दुसऱ्या प्रकाराबद्दल एक समज फार खोल रुजला आहे: गोड खाणाऱ्याला, आळशाला, सुखवस्तू माणसाला हा आजार होतो. हा समज चुकीचा आहे आणि निष्ठुरही आहे, कारण त्यामुळे माणूस आजार लपवतो. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत मुंबईतल्या सुमारे १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटी साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली. एवढी माणसे एकदमच बेशिस्त झाली असतील, हे पटण्यासारखे नाही. कारण शरीरातही शोधावे लागते आणि शहरातही.

शरीरातल्या कारणाचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयात लागला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली सुमारे साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान भरले, चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला काटकुळे, आतून चरबीचे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी उभे राहिलेले छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी घडलेले हे शरीर थोडक्यात भागवायला तयार झालेले असते. त्याला मुबलक अन्न आणि बैठे काम एकदम मिळाले, की जादा चरबी यकृतात आणि पोटात साठते आणि इन्सुलिन निष्प्रभ होऊ लागते. म्हणून भारतीयांत वजनापेक्षा कंबर मोजणे महत्त्वाचे: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो.

आता शहर. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली आणि पुढे कोकणातून, सातारा-कोल्हापुराकडून माणसांचा लोंढा गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीत, आला. ही माणसेही अशाच अर्धपोटी मुलखांतली. साच्यांपुढे आठ-आठ तास उभे राहणे, रीळ-बाचके उचलणे, चाळीचे जिने चढणे-उतरणे यांत त्यांचे अन्न जिरत होते. याचे शरीरशास्त्र सरळ आहे: काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांच्या हाती ते काम पुन्हा आले नाही. कोणी इमारतीच्या दारावर पहारेकरी झाला, कोणी टॅक्सी चालवू लागला. मुले संगणकापुढे बसली. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आल्या, चाळींच्या जागी उद्वाहन असलेले टॉवर. श्रम गेले, थाळीतला भाताचा ढीग तेवढाच राहिला. रात्रपाळी तर गेलीच नाही, ती फक्त गिरणीतून कॉल सेंटरात आणि पहाऱ्यावर सरकली. झोपेचे चक्र सतत मोडल्यानेही मधुमेहाचा धोका वाढतो.

म्हणून उपचाराची सुरुवात थाळीपासून होते, आणि ती थाळी सगळ्या घराची असावी लागते. एकट्या ‘शुगरवाल्या’साठी वेगळी भाजी शिजवणारे घर फार दिवस टिकत नाही, दहा बाय बाराच्या खोलीत तर नाहीच. निम्म्या ताटात भाजी-कोशिंबीर, पावभागात वरण, मुगा-मटकीची उसळ किंवा न तळलेला बांगडा, उरलेल्या पावभागात भाकरी, चपाती वा भात, एवढा बदल सर्वांनाच मानवतो. गूळ आणि मधही जवळपास साखरेसारखीच रक्तातली साखर वाढवतात. दिवसातून पाच-सहा वेळा होणाऱ्या चहातली साखर दिवाळीच्या दोन करंज्यांपेक्षा मोठा घात करते, कारण करंजी वर्षातून चार दिवसांची आणि चहा रोजचा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालायला शिवाजी पार्कच हवे असे नाही, चाळीची गॅलरीही पुरते.

उपवासाचे गणित वेगळे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी साखर भराभर चढवते. उलट पूर्ण उपाशी राहणे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला धोक्याचे. साखर ७० च्या खाली गेली, की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. तेव्हा शुद्धीवर असलेल्याला तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी. दोनदाच जेवण्याची जी पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेली, तिने अनेकांचे मधले खाणे सुटले, ही चांगली गोष्ट; पण गोळ्या-इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता ती सुरू करू नये.

मधुमेहाची हानी बहुधा दुखत नाही, म्हणून ती कळत नाही. पायांच्या नसा बधिर होतात. मग मंगळवारी अनवाणी सिद्धिविनायकाला जाणाऱ्याला किंवा लालबागच्या राजाच्या रांगेत तासन् तास उभ्या असलेल्याला टोचलेली काच जाणवत नाही आणि न भरणाऱ्या जखमेपायी बोट किंवा पाय कापावा लागतो. दाटीच्या वस्त्यांत क्षयाचा संसर्ग सहज होतो आणि मधुमेहामुळे तो रोग बळावण्याचा धोका दोन ते तीन पट होतो. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या परिसरात ही जोडगोळी विसरून चालणार नाही.

साखर आटोक्यात ठेवणारी मेटफॉर्मिनची गोळी पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. साखर ‘नॉर्मल’ आली म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. साखर बहुधा गोळीमुळेच नॉर्मल आलेली असते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा साखर तपासावी, आणि मधुमेह असलेल्याने दरवर्षी डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिन आणि दोन्ही तळपाय तपासून घ्यावेत.