पोट, पेशा आणि पाचारण



कोणी आपणांस “तुम्ही काय करता?” असे विचारले, तर आपण चटकन नोकरीचे नाव सांगतो. वीस वर्षे वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी विनामूल्य शिकवणारा गृहस्थही स्वतःची ओळख ‘कारकून’ अशीच करून देतो. ज्याचे वेतन मिळते तेच आपले काम आणि बाकीचा सारा छंद, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. परंतु ही वाटणी न्याय्य आहे काय? या प्रश्नाचा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेल्या एका खेळाच्या आधारे करू. तो खेळ म्हणजे आइस हॉकी.

उत्तर अमेरिकेत हा खेळ पूर्ण अर्थाने पेशा आहे. तेथील ‘नॅशनल हॉकी लीग’ची स्थापना १९१७ साली झाली. २०२४-२५ च्या हंगामात या लीगमधील खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ७,७५,००० डॉलर होते. तरीही हा पेशा सुरक्षित म्हणता येत नाही. कॅनडात जन्मलेले पंजाबी कुटुंबातील रॉबिन बावा १९८९ साली या लीगमध्ये खेळले. भारतीय वंशाचे ते तेथील पहिले खेळाडू. मात्र लीगमध्ये त्यांना एकूण ६१ सामनेच खेळता आले. त्यांची उरलेली बरीचशी कारकीर्द दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये गेली. जेथे पैसा आहे, तेथेही खेळाडूचे दिवस मोजकेच असतात.

आता आपल्या देशाकडे वळू. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचे सदस्यत्व भारताला १९८९ सालीच मिळाले, पण बर्फ कोठून आणायचा? शिमल्यात १९२० पासून नैसर्गिक बर्फावर स्केटिंग चालत आले आहे. लडाखमध्ये हिवाळ्याचे दोन-तीन महिने तळी गोठतात आणि तेवढाच काय तो हंगाम. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठे बंदिस्त मैदान उभे राहिले. पण ते चालवण्याचा खर्च पेलवेना, म्हणून अनेक वर्षे बंद पडून राहिले. ते पुन्हा सुरू झाले २०२५ मध्ये. मधल्या काळात लडाखच्या खेळाडूंनी सरावासाठी गाठले ते दिल्लीजवळचे गुरुग्राम. तेथील ॲम्बियन्स मॉलमध्ये करमणुकीसाठी कृत्रिम बर्फाचे मैदान केलेले होते. आंतरराष्ट्रीय मैदान साठ मीटर लांब असते आणि हे त्याहून बरेच लहान होते. ज्या दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो, तिच्या वेशीवर, दुकानांच्या गर्दीत देशाच्या राष्ट्रीय संघाने सराव करावा, यात जिद्द आहे आणि आपली लाजही आहे.

महिला संघाचेच उदाहरण घ्या. २०१६ साली तैपेई येथे हा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि सर्व सामने हरला. पुढच्या वर्षी बँकॉकला जाण्यासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. तेथे या मुलींनी फिलिपाइन्सचा ४-३ असा पराभव करून पहिला विजय मिळवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्या संघाच्या कर्णधार होत्या त्सेवांग चुस्कित.

मग त्यांचे पोट कशावर चालते? काही खेळाडूंना सैन्यदलात किंवा भारत-तिबेट सीमा पोलीस दलात नोकरी मिळते. इतरांना वेगळा उद्योग शोधावा लागतो. गोलरक्षक नूर जहाँ यांनी दिल्लीत वारसा-संवर्धनाचे शिक्षण घेतले. लडाखमधील जुनी भित्तिचित्रे व थांकापट जतन करणे हे त्यांचे उपजीविकेचे काम. एका हाताने पुसट होत चाललेला रंग राखायचा आणि दुसऱ्या हाताने देशाचा गोल राखायचा! सांगा, यांतला पेशा कोणता आणि छंद कोणता?

व्यवहारी मनुष्य म्हणेल, “ज्यातून पोट भरत नाही तो छंदच.” पण वेतन हे गरजेचे व मागणीचे माप आहे, ते योग्यतेचे माप नव्हे. पाहणारे लाखो असले की पैसा येतो. पाहणारे नसले म्हणून पहाटेच्या थंडीत केलेला सराव कमी प्रामाणिक ठरत नाही. आपल्या जुन्या भाषेत यासाठी ‘पाचारण’ हा सुंदर शब्द आहे. पेशा आपण निवडतो. पाचारण आपल्याला निवडते.

परंतु वाचकहो, येथेच एक मोठा मोह दडलेला आहे. भाविक मनाचा मनुष्य म्हणतो, “निरपेक्ष सेवा किती थोर! पैसा आला की तिचे पावित्र्य गेले.” हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभते? स्वतः त्याग करणाऱ्याच्या तोंडी शोभेल. दुसऱ्याच्या त्यागाचे फळ घेणाऱ्याने ते उच्चारले, तर ते देणे चुकवण्याचे निमित्त होते.

दिल्लीतच याचा जुना दाखला आहे. मैदानी हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांनी १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवून दिली. त्यांना पगार मिळाला तो सैनिक म्हणून. अखेरच्या काळात त्यांची परिस्थिती बेताची होती. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात त्यांचे निधन झाले. पुढे त्याच शहरातील भव्य राष्ट्रीय क्रीडागाराला त्यांचे नाव दिले गेले आणि २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च क्रीडा पुरस्कारालाही. हा गौरव उचितच आहे. पण संगमरवरावर कोरलेले नाव म्हाताऱ्या माणसाचे औषध विकत आणू शकत नाही.

कोणी विचारील, “जेथे पाण्याची व विजेची टंचाई, तेथे बर्फाच्या मैदानावर खर्च करावा काय?” हा प्रश्न खोटा नाही. समाजाला प्रामाणिकपणे “आम्हांस हे परवडत नाही” असे म्हणण्याचा अधिकार आहे. मात्र तसे म्हटल्यावर त्यांच्या पदकाला ‘आपले पदक’ म्हणण्याचा अधिकार उरत नाही. ज्याच्या विजयात आपण वाटेकरी होतो, त्याच्या खर्चात वाटेकरी न होणे हा अन्याय आहे. पाचारण ज्याचे त्याने पाळायचे असते. पण पाळणाऱ्याच्या ताटात भाकरी आहे की नाही, हे पाहणे शेजाऱ्याचे कर्तव्य असते.

हा नियम केवळ खेळाडूंपुरता नाही. आपल्या आजूबाजूला पाहा. आजाऱ्यांजवळ रात्री जागणारी, मुलांना गाणे शिकवणारी, संस्थेचे हिशेब बिनपगारी लिहिणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. वर्षातून एकदा आपण त्यांना शाल व नारळ देतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. यंदा शाल देण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे : “आपला जाण्यायेण्याचा खर्च कोण देते?” उत्तर ऐकून आपली मान खाली गेली, तर ती वर करण्याचा मार्गही त्या उत्तरातच सापडेल.