नावेची कडी आणि काटकसरीचा धर्म

पैसा वाचवणे हा गुण की दोष, याचा निवाडा आपल्याकडे बहुधा माणूस पाहून होतो. गरिबाने वाचवला तर काटकसर, श्रीमंताने वाचवला तर चिक्कूपणा, आणि साधूने वाचवला तर वैराग्य! शब्द तीन, क्रिया एकच. परंतु त्या वाचवलेल्या पैशाचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, हे पाहिल्यावाचून निवाडा देऊ नये असे आम्हांस वाटते. हा विचार पुष्कळ दिवस मनात होता. त्याला तोंड फुटले ते एका नावाड्याच्या प्रश्नामुळे.

आमचा वर्धा जिल्हा समुद्रापासून फार दूर. तरी पश्चिमेला वर्धा नदी, मधून धाम वाहते, आणि आता ठिकठिकाणी धरणांचे पाणी साठलेले. आर्वी तालुक्याच्या काठावरून पलीकडे पाहिले की कौंडण्यपूर, रुक्मिणीमातेचे माहेर. तेथली पालखी इ. स. १५९४ पासून पंढरीस जाते असे परंपरा सांगते. नदीवर पूल नव्हते तेव्हा अशा काठांवरचा भाविक डोंग्यातूनच पार होई. आज पुलावरून गाड्या जातात, पण मासेमारीच्या नावा आहेत, शेतीसाठी पलीकडे जाणारे आहेत, आणि पर्वणीच्या दिवशी त्याच नावेत चार यात्रेकरूही बसतात.

तर कीर्तन आटोपल्यावर त्या नावाड्याने विचारले, "महाराज, नावेचं सामान मी घरीच करतो. दुकानातलं आपल्याच्यानं होत नाही. गावातला एक जण म्हणे, हे बरं नाही, लोकायच्या जिवाशी खेळ हाय. आता तुम्हीच सांगा जी, घरी केलं त पाप काहून?"

प्रश्न अगदी सरळ. आम्ही त्याला म्हटले, बापा, आधी तू काय काय केले ते सांग. मग त्याने सांगितले. वल्हे अडकवायला दुकानात लोखंडी बेळके मिळते. त्याऐवजी याने काठाच्या फळीत बाभळीची खुंटी ठोकून तिला दोरीची अढी घातली होती. नांगर म्हणून जुन्या घमेल्यात सिमेंट-गिट्टी ओतून मधे सळईचा आकडा बसवला होता. नाव बांधायची कडी घराच्या बांधकामातून उरलेली सळई वाकवून, फाटके करणाऱ्याकडून तिचा सांधा जोडून घेतलेली. फळ्या आवळायला साधे लोखंडी बोल्ट, आणि त्यांखाली कोठल्याशा मोडक्या पंपाच्या पितळी चकत्या. फटींत सुतळी कोंबून वरून डांबर. सगळा खर्च मिळून दुकानातल्या एका कडीच्या किमतीएवढासुद्धा नाही, असे तो अभिमानाने म्हणाला. अभिमान रास्त होता. समुद्रकाठी नावेच्या सामानाचे दुकान असते तसे आमच्याकडे शोधून सापडायचे नाही. मुंबईहून मागवावे तर वस्तूपेक्षा वाहतूक जड.

आता हा प्रश्न ज्या जिल्ह्यात विचारला गेला तो जिल्हाच अशा प्रश्नांचा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला. जमनालालजी बजाजांनी आपली बाग दिली, तिचे नाव मगनवाडी. तेथे जे. सी. कुमारप्पांसारखा विलायतेत शिकलेला हिशेबनीस तेलघाणी, हातकागद, वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप यांच्या मागे लागला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावी राहावयास गेले, तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथील झोपडीसाठी त्यांनी अट घातली होती की सामान व कारागीर आसपासचे असावेत आणि खर्च ५०० रुपयांपलीकडे जाऊ नये. म्हणजे घरचे करावे, जवळचे वापरावे, दुकानाच्या दारी कमी जावे, हा विचार वर्ध्याच्या मातीला नवा नाही. आमच्या नावाड्याला कोणी गांधीविचार सांगितला नव्हता. पण कृती तीच.

परंतु त्याच गांधीजींची दुसरी अट लोक विसरतात. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. किंमत १५० रुपयांहून जास्त नको, हे त्यात होतेच. पण त्याबरोबर असेही होते की तो चरखा वीस वर्षे चालला पाहिजे, आणि दरसालच्या दुरुस्तीला किमतीच्या शेकडा ५ हून अधिक लागता कामा नये. चरखा मोडला तर फार तर सूत तुटते. कोणी मरत नाही. तेथेही ज्याने 'स्वस्त' या शब्दाबरोबर 'वीस वर्षे' हा शब्द लिहिला, तो नावेच्या कडीबद्दल काय म्हणाला असता? ते बक्षीस अखेर कोणास मिळाले नाही. स्वस्त आणि टिकाऊ एकत्र आणणे किती अवघड, याची ही साक्षच.

शास्त्राकडे वळू. पतंजलींनी पाच यम सांगितले, त्यांत अपरिग्रह आहे. काटकसर ही त्या अपरिग्रहाच्या घरची धाकटी सून. पण त्याच यादीत अहिंसा पहिली आहे, आणि ती सहज पहिली आलेली नाही. व्यासभाष्यात स्पष्ट केले आहे की बाकीचे यमनियम अहिंसेच्याच मुळावर उभे आहेत आणि तिच्या सिद्धीसाठीच सांगितले आहेत. तेव्हा अपरिग्रह पाळताना अहिंसेला धक्का लागत असेल तर तो अपरिग्रह आपल्याच मुळावर कुऱ्हाड घालतो. मी फाटके धोतर नेसलो तर थंडी मला वाजते. ते माझे वैराग्य. मी कुजकी कडी लावली तर बुडतो तो पलीकडच्या गावचा म्हातारा, ज्याने कडीकडे पाहिलेलेही नाही. त्याचा जीव माझ्या वैराग्याचे भांडवल कसा होईल?

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे बुवांच्या मते दुकानातलेच घ्यावे. तसे मुळीच नाही. त्या नावाड्याची एक एक वस्तू हातात घेऊन पाहू.

खुंटी आणि दोरीची अढी: ही उत्तम. दोरी एकाएकी तुटत नाही. आधी तिचे सूत उसवते, मग पेड पिंजतो, डोळ्याला दिसते, हाताला कळते. दरसाल नवी घालावी, चार आण्याचे काम. लोखंडी बेळक्यापेक्षा आम्ही हिलाच मान देऊ.

सिमेंटचा नांगर: येथे गणित चुकते. २० किलोचा सिमेंटचा गोळा पाण्यात बुडाला की आपल्या आकारमानाएवढे पाणी सारतो आणि त्याचे वजन साडेअकरा-बारा किलोच उरते. तेवढेच लोखंड पाण्यातही सतरा किलोच्या वर भरते. शिवाय गोळा तळावर घसरतो, फाळ रुततो. शांत तळ्यात जाळे टाकताना गोळा चालेल. पुराच्या ओढीत त्यावर विसंबू नये. जुन्या वखराच्या पासा किंवा नांगराचे फाळ लोहाराकडून वळवून घेतले तर तेही घरचेच, आणि धरतील.

बोल्ट आणि चकत्या: येथे खरी गोम. ओल्या जागी पितळ आणि लोखंड एकमेकांस लागून राहिले की लोखंड झपाट्याने झिजते. झिजते ते लाकडाच्या आत. वरून पाहावे तर डोके शाबूत, रंग लावलेला; आत मान खाऊन सुतळीएवढी झालेली. सांधा जोडलेली कडीही याच जातीची. सांध्याच्या पोटात चीर असली तर ती रंगाखाली निजून राहते आणि नाव भरलेली असताना जागी होते. आमच्या न्यायशास्त्रात एक घुणाक्षरन्याय आहे. लाकूड पोखरता पोखरता किड्याच्या हातून एखादे अक्षर उमटते, म्हणून किड्याला लिहिता येते असे होत नाही. "आजवर टिकली ना!" हे कडीबद्दलचे प्रमाणपत्र त्याच किड्याचे.

आम्ही त्या नावाड्यास जे सांगितले ते एवढेच. ज्या वस्तूचा दोष आधी दिसतो ती खुशाल घरी कर, वर्षानुवर्षे कर. ज्या वस्तूचा दोष पोटात लपतो ती एकतर जाणत्याकडून करून घे, नाहीतर जस्त चढवलेली विकत घे. आणि घरी केलीसच तर पारखल्यावाचून माणसे बसवू नकोस. ती कडी झाडाच्या फांदीला टांग, नाव ओढते त्याच्या तिप्पट भाराची सिमेंटची पोती तिला लाव आणि रात्रभर ठेव. सकाळी रंग खरवडून सांधा पाहा.

पारखण्याची ही रीत आमच्या पोथीतलीच आहे. गोरोबाकाकांनी संतमंडळीच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते सांगितले, आणि ते निघाले साक्षात नामदेवराय! नामदेवांसारख्यावर थापटणे चालले, तर आपल्या हातच्या कडीवर चालवायला लाज कसली? पण गोरोबांचीच दुसरी कथाही आठवते. चिखल तुडवताना नामात देहभान हरपले आणि पायाखाली स्वतःचे लेकरू तुडवले गेले. आम्ही कीर्तनकार ही कथा भक्तीच्या परमावधीसाठी सांगतो, आणि शेवटी लेकरू परत मिळते म्हणून श्रोते सुखाने घरी जातात. मात्र मध्येच, लेकरू चिखलात असताना, त्या माउलीचा जो आक्रोश आहे तोही त्याच कथेचा भाग आहे. काम करणाऱ्याच्या पायाखाली कोण आहे हा प्रश्न त्या आक्रोशात आहे. आम्हांस वाटते कीर्तनात तेथे जरा थांबावे.

दुकानाला उगाच नावे ठेवण्याचेही कारण नाही. तुकोबा स्वतः दुकानदार होते, वाणसवदा विकत होते. विकत घेण्यात पाप नाही, आणि विकत घेतले म्हणजे जबाबदारी संपली असेही नाही. दुकानातली चकचकीत कडी लावून "मी तर पैसे मोजले" म्हणणारा नावाडी वर्षभर तिच्याकडे पाहत नाही. घरी करणाऱ्याला निदान ठाऊक असते की सळई कोठली होती, सांधा कोणी जोडला, कोठे हात घाईचा झाला. हे जाणतेपण फार मोलाचे आहे. म्हणूनच ते जाणूनही जो गप्प राहतो त्याचा दोष दुप्पट.

एवढे सांगितल्यावर तो नावाडी जे बोलला ते आमच्या मनात रुतून बसले. "खरं हाय महाराज. पण दहा रुपये सांगितले त पाच देतात, अन् आठ जागी बारा बसतात. कडी आणू कुठून?"

वारकरी वाचकहो, आता प्रश्न नावाड्याच्या घरून आपल्या दारी आला. चंद्रभागेवर पाहा. गोपाळपूरला, मार्गशीर्षात विष्णुपदाला होडीने जायचे असले की आपण घाटावर किती घासाघीस करतो! शेकडो मैलांची वाट तुडवून आलेला माणूस पाच रुपयांसाठी कोळ्याशी भांडतो, आणि "बसा हो माउली, होतंय, पांडुरंग आहे" म्हणत चार माणसे वरून चढवतो. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातल्या झुंज येथे, नाव उलटून अकरा माणसे गेली. उत्तरकार्यासाठी आलेले नातलग होते. नावेत माणसे जास्त झाली होती असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. तेथे कड्या-खिळ्यांचा संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण जास्त माणूस बसवणे आणि कुजका बोल्ट ठेवणे ही एकाच काटकसरीची दोन अंगे आहेत, आणि त्यांतले पहिले बहुतेक वेळा उतारूच करतो. पांडुरंग आहे खरा. परंतु त्याने विटेवर उभे राहताना आपला भार पाहण्याचे काम आपल्याकडेच ठेवले आहे.

मग नावाड्याने काय करावे, एवढाच प्रश्न उरत नाही. दिंडीने काय करावे हाही आहे. काही मंडळी म्हणतील, दिंडीचा पैसा अन्नदानाचा, तो लोखंडात घालता येत नाही. आमच्या मते येतो. शास्त्रात इष्ट आणि पूर्त असे दोन भाग आहेत. यज्ञयागादी ते इष्ट. विहिरी, तळी, देवालये, बागा, अन्नछत्रे ही पूर्त. लोकांच्या उपयोगी पडणारे, दात्याच्या माघारीही टिकणारे, ते पूर्तात बसते. पाण्याच्या वाटेवरची धड नाव यात बसत नाही असे म्हणणारा पंडित आम्हांस भेटायचा आहे. ज्या घाटावरून आपल्या गावची माणसे पार होतात तेथील नावेला दरसाल आषाढीपूर्वी जस्ताच्या दोन कड्या, मूठभर बोल्ट, नवी दोरी आणि पाच-सहा तरंगती जाकिटे द्यावीत. खुंटी, अढी, फाळाचा नांगर तो नावाडी आपल्या हाताने करील, आणि आपल्यापेक्षा चांगला करील. फळ्यांचे काम गावच्या सुताराकडून, लोखंडाचे लोहाराकडून व्हावे, म्हणजे पैसा गावातच राहील. किती माणसे बसायची तो आकडा नावेच्या अंगावर चुन्याने मोठा लिहावा, आणि तो पुरा झाला की विणेकऱ्याने खाली उतरून दुसऱ्या खेपेची वाट पाहावी. विणेकरी थांबला की बाकीचे आपोआप थांबतात, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

यंदा एका दिंडीच्या चालकांपुढे आम्ही ही गोष्ट काढली. ते म्हणाले, पैसा काढू, पण पावतीवर काय लिहायचे? अन्नदान, भजनी साहित्य, औषधे अशी छापील सदरे आहेत. आम्ही सांगितले, औषधांच्या खाली हाताने लिहा: नावेची कडी.