त्वचादान : न उरणारे दान

देवस्थानात येणारा भाविक काही ना काही अर्पण करतो, आणि अर्पण केलेल्या वस्तूवर आपले किंवा आईवडिलांचे नाव असावे, असे त्यास वाटते. धर्मशाळांतील संगमरवरी पाट्या याची साक्ष देतात. त्यात गैर काही नाही. परंतु एक दान असे आहे, की ज्यावर नाव कोरता येत नाही आणि जे घेणाऱ्याच्या अंगावरही फार दिवस राहत नाही. ते म्हणजे मरणोत्तर त्वचादान.

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाची स्वतःची निरोगी त्वचा जखमा झाकण्यास अपुरी पडते. उघड्या जखमांतून शरीरातील द्रव झिरपतो, जंतुसंसर्ग होतो आणि अनेकदा तोच प्राणघातक ठरतो. अशा वेळी मृत व्यक्तीची त्वचा जखमांवर आच्छादन म्हणून घालतात. रक्तगट जुळावा लागत नाही. मात्र रुग्णाचे शरीर ही त्वचा कायमची स्वीकारत नाही. काही आठवड्यांत ती गळून पडते. तेवढ्या अवधीत जखमा भरू लागतात, अथवा शरीर पुढील शस्त्रक्रियेस समर्थ होते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पेढीत ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत जतन करता येते.

नेत्रदानाचे आवाहन करताना 'तुमचे डोळे मृत्यूनंतरही जग पाहतील' असे सांगतात. वाक्य गोड आहे. पण त्यात मागे उरण्याचे आमिष आहे. त्वचादानात तेही नाही. मग जे टिकत नाही ते दान कसले, असे कोणी विचारील. पण महाप्रसादाच्या पंगतीत वाढलेले अन्न तरी दुसऱ्या दिवशी कोठे असते? अन्नदानास आपण श्रेष्ठ म्हणतो ते भूक त्या घटकेस भागते म्हणून.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. अंत्येष्टी ही अखेरची इष्टी. आहुती अव्यंग असावी, मग देहाचा अंश आधीच कसा काढून द्यावा? ही शंका हसण्यावारी नेऊ नये. वस्तुस्थिती अशी की मांड्या, पाय व पाठ येथील केवळ पातळ थर घेतात, रक्तस्राव होत नाही, पट्ट्या बांधल्यावर देह विद्रूप दिसत नाही. येथे शिबी राजाचा दाखला देण्याची रीत आहे. मला तो अतिशयोक्त वाटतो. शिबीने जिवंतपणी वेदना सोसल्या. मृताला वेदना नाहीत. येथे वेदना असतात त्या घरच्यांच्या.

कारण निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो, आणि तोही मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन त्वचा, नेत्रपटल यांसारख्या ऊतींचाही समावेश झाला. हयातीत अर्ज भरलेला असला, तरी प्रत्यक्षात आप्तांच्या संमतीवाचून कोणी देहास हात लावत नाही. वडील याविषयी कधीच काही बोलले नसतील, तर मुलाने काय करावे? मौन म्हणजे संमती नव्हे, आणि नकारही नव्हे. अशा मुलाने 'नको' म्हटले, तर त्यास दोष देता येणार नाही. दोष असलाच तर आयुष्यभर दानधर्म करून या एका गोष्टीविषयी घरात अवाक्षरही न काढणाऱ्या वडिलांकडे तो जातो.

वडील बोललेले असतील, तर मुलास फक्त दूरध्वनी करावा लागतो. पथक घरी येते, साधारण पाऊण तासात काम आटोपते आणि अंत्ययात्रा ठरल्या वेळी निघते.